रावेर ते ग्योटिंगेन : केळीच्या खोक्यांसोबत दोन वर्षं

जर्मनीत पोचल्यावर सातव्या आठवड्यात माझ्या हातात केळीचं खोकं आलं. रिकामं. दोन्ही बाजूंना हात घालायला भोकं, वर झाकण, कडेला इक्वेडोरचं नाव. रावेर तालुक्यातल्या मुलीला केळीचं खोकं नवीन नाही. पण त्या दिवशी एका अनोळखी बाईंनी ते माझ्या हातात देऊन म्हटलं, "हे तिकडे ठेव, आणि गाजरं वेगळी काढ." त्या देशात आल्यापासून मला कोणी काम सांगितलं ते पहिल्यांदाच. तोपर्यंत सगळे फक्त कागद मागत होते.

खरी सुरुवात मात्र सात वर्षं आधीची, सातपुड्यातली. कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आमचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर पावरा आदिवासींच्या एका पाड्यावर होतं. एनएसएस केलेल्यांना हा हिशोब माहीत असतो: दोन वर्षांत २४० तास, एक निवासी शिबिर, वहीत सह्या, शेवटी प्रमाणपत्र. मीही त्या प्रमाणपत्रासाठीच नाव दिलं होतं.

काम होतं वनराई बंधाऱ्याचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची आणि नाल्यात एकावर एक रचायच्या. मी हौसेने गोणी तोंडापर्यंत ठासून भरत होते. पाड्यावरच्या एक बाई आल्या, माझ्या हातातली गोणी ओढून घेतली, तिच्यातली बरीचशी माती खाली ओतली, तोंड सुतळीने शिवलं, ती आडवी टाकली आणि पायाने दाबली. ठासून भरलेली गोणी ताठ बसते, शेजारच्या गोणीला अंग लावत नाही, मधल्या फटींतून पाणी निसटतं. थोडी रिकामी ठेवली की ती पसरते आणि चिकटून बसते. हे सगळं त्यांनी एक शब्द न बोलता शिकवलं, कारण आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती.

तो पाडा माझ्या घरापासून जेमतेम पस्तीस किलोमीटरवर. बाबांच्या बागेत केळी कापायला येणारी टोळी त्याच डोंगरातून येते. वीस वर्षांत त्या माणसांनी आमच्या खळ्यात किती घड वाहिले याला गणती नाही, आणि आमच्या घरात कोणालाही त्यांच्या बोलीत 'पाणी' म्हणता येत नव्हतं. शिबिरातल्या तिसऱ्या रात्री मला त्याची लाज वाटली. आपल्याला जग बघायचंय असं मी मैत्रिणींना सांगत असे, आणि जग सुरू होतं तो रस्ता आमच्या बांधावरूनच जात होता.

आमच्या घरात 'जग' हा शब्द तसा जुना. आजोबा सर्वोदयवाले. गावात सगळे रामराम म्हणायचे, ते 'जय जगत' म्हणायचे. हा विनोबांचा घोष. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत, हे आजोबा आम्हाला असं सांगायचे की जणू ते स्वतः त्या बराकीत बसले होते. त्यांचे वडील, माझे पणजोबा, फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनात स्वयंसेवक होते. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. पणजोबांचं काम काय, तर पाण्याच्या रांजणापाशी उभं राहून येणाऱ्याला पाणी द्यायचं. नेहरूंना त्यांनी लांबूनच पाहिलं. पण म्हातारपणी सांगायचे ते नेहरूंबद्दल नाही, कुठल्या मुलखातून आलेली माणसं ओंजळीने पाणी प्यायली त्याबद्दल.

पदवीनंतर दोन वर्षं मी एका शेतीविषयक कंपनीत फिरतीवर काम केलं आणि पुढे शिकायचं ठरवलं. मला हवा होता तसा अभ्यासक्रम ग्योटिंगेन आणि कासेल ही दोन विद्यापीठं मिळून चालवतात: सस्टेनेबल इंटरनॅशनल ॲग्रिकल्चर, चार सेमिस्टर, शिकवणं इंग्रजीत. तिथे शिकवणी फी नाही, फक्त दर सेमिस्टरला काही शे युरोंचं शुल्क. एवढं वाचून घरच्यांना वाटलं की आता काय, फुकटच. तसं नसतं, आणि आपल्याकडची मुलं इथेच फसतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक तर एपीएस. नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना आपली प्रमाणपत्रं तपासून घेणं सक्तीचं झालं. दहावीपासूनची सगळी कागदं पाठवायची, १८ हजार रुपये भरायचे आणि वाट बघायची. दुसरं म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. वर्षभराचा राहण्या-खाण्याचा पैसा आधीच एका खात्यात अडकवून दाखवावा लागतो. आमच्या वेळी तो आकडा ११,२०८ युरो होता, आता वाढला आहे. तेव्हाच्या दराने दहा लाख रुपये. तिथे गेल्यावर त्यातले महिन्याला ९३४ युरो आपल्याला मिळतात. पैसा आपलाच, पण आधी उभा करायचा आहे.

जिल्ह्यातल्या एका एजंटाने 'सगळं बघून घेतो' म्हणून बाबांकडून साठ हजार घेतले आणि जो अर्ज विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मला स्वतःला भरता आला असता तोच भरला, तोही माझ्या नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक करून. ती दुरुस्त करायला मला पाच आठवडे लागले. त्याने आणखी एक गोष्ट विकायचा प्रयत्न केला: 'आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेचं' पॅकेज. दोन आठवडे परदेशातल्या एका अनाथाश्रमात मुलांना शिकवायचं, दीड लाख रुपये, प्रमाणपत्रासकट. अर्जात चांगलं दिसतं म्हणे. बाबा विचार करू लागले होते. मी नाही म्हटलं. ज्या मुलांची भाषा येत नाही त्यांना दोन आठवडे मी काय शिकवणार, आणि तिसऱ्या आठवड्यात ती मुलं कोणाकडे बघणार? असल्या सहलींना सेवा म्हणणं मला पटलं नाही, आजही पटत नाही. माझ्या अर्जात मी वनराई बंधारा लिहिला, गोणीसकट.

बँकेने कर्ज दिलं ते जमिनीवर. सातबाऱ्यावर बोजा चढला त्या दिवशी बाबा उतारा घेऊन घरी आले, पाटावर बसले आणि बराच वेळ तो वाचत राहिले. त्यात वाचण्यासारखं फार नसतं. आजी म्हणाली, "इतक्या लांब कोन जातं व माय?" मग रात्री तिने माझ्या बॅगेत बिबड्यांचा डबा घातला.

ऑक्टोबर २०२३. पहिले दीड महिने मी माणूस कमी आणि फाइल जास्त होते. नगरपालिकेत पत्त्याची नोंद, विमा, बँक, राहण्याचा परवाना. घर मिळालं ते चौघांच्या सामायिक फ्लॅटमध्ये एक खोली. शेजारी चांगले, पण दार लावून घेणारे. तिथे कोणी वाईट वागत नाही. कोणी काही विचारत नाही इतकंच. डिसेंबर जवळ आला तसा चारच्या सुमारास अंधार पडू लागला. आमच्याकडे त्या वेळी गुरं परत येतात, कोणी ना कोणी ओट्यावर असतं. मी खिडकीत उभी राहून समोरच्या घरांचे दिवे मोजायचे. एका रविवारी, सकाळपासून रात्रीपर्यंत मी एक शब्दही मोठ्याने बोलले नाही हे झोपताना लक्षात आलं.

त्याच आठवड्यात विद्यापीठातल्या फलकावर टाफेलची चिठ्ठी दिसली. टाफेल म्हणजे जेवणाचं मांडलेलं टेबल. मला तर 'पंगत' हाच शब्द सुचतो. सुपरमार्केट आणि बेकऱ्या जे विकू शकत नाहीत पण खाण्याजोगं आहे, ते गोळा करून गरजूंना नाममात्र पैशांत द्यायचं. पहिली टाफेल १९९३ साली बर्लिनमध्ये निघाली, आता देशभर नऊशेहून जास्त आहेत, आणि काम बहुतेक स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं. अशा कामाला जर्मनमध्ये एरेनआम्ट म्हणतात. एरे म्हणजे मान, आम्ट म्हणजे पद. आपण 'श्रमदान' म्हणतो, त्यात देणारा दिसतो. त्यांच्या शब्दात काम करणाऱ्यालाच मान मिळाल्याचं दिसतं. त्या दिवसांत मला तो शब्द अगदी खरा वाटला, कारण मला तिथे कोणी दान मागत नव्हतं, जागा देत होतं.

माझं जर्मन ए-टू पातळीचं, म्हणजे दुकानात निभेल इतपत. मंगळवारी दुपारी मला वर्गवारीला बसवलं. बसवलं म्हणजे उभं केलं, चार तास. संत्र्यांची जाळी येते. सुपरमार्केटने का टाकली? आत एक संत्रं कुजलेलं असतं. एकासाठी नऊ फेकतात. आम्ही कात्रीने जाळी कापायचो, ते एक काढायचो, बाकीची पुसून खोक्यात. पावाच्या लाद्या वेगळ्या, दह्याचे डबे तारखा बघून वेगळे. पाकिटावर 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी ते विष होतं असा नाही, हे शिकायलाच मला एक महिना गेला. आणि हे सगळं वाहायचं कशातून? केळीच्या खोक्यांतून. जर्मनीत घर बदलताना, बाजार भरताना, पुस्तकं ठेवताना सगळीकडे तीच खोकी. जगाच्या दुसऱ्या टोकाची केळी इथे येतात, खाल्ली जातात, आणि त्यांची खोकी झिजेपर्यंत राबतात.

आणि केळी! अंगावर तपकिरी ठिपके आले की तिथे ती 'खराब'. आमच्याकडे ठिपके आले की आजी म्हणते आता गोड झाली. मी पहिल्या दिवशी तशी केळी टाकाऊ डब्यातून परत काढली. खोकं देणाऱ्या त्या बाईंनी, वय ऐंशीच्या पुढचं, भुवया वर केल्या. मी एक सोलून अर्धं त्यांना दिलं. त्यांनी खाल्लं, आणि तेव्हापासून टेबलाचं ते टोक माझं झालं. केळीबद्दल काही विचारायचं तर 'इंडियावाल्या मुलीला विचारा'.

चूकही केली. तिसऱ्या मंगळवारी मला वाटपाच्या खिडकीवर उभं केलं. एक सीरियन बाई आल्या, डोक्याला रुमाल, सोबत मुलगा. मी त्यांच्या पिशवीत सलामीचं पाकीट घातलं. डुकराच्या मांसाचं. त्यांनी काही न बोलता ते काढून माझ्यासमोर ठेवलं आणि मुलाचा हात धरून पुढे गेल्या. मी माळकरी घरातली. दुसऱ्याच्या ताटात काय चालतं, काय नाही, हे विचारायची सवय आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती मी त्या खिडकीत विसरले, कारण मला पटापट वाढायचं होतं. पुढच्या आठवड्यात मी त्यांची माफी मागायचे अरबी शब्द पाठ करून गेले. त्या आल्या, मी ते म्हटले, त्यांनी माझा उच्चार सुधारला. मग दर मंगळवारी एक शब्द. उन्हाळ्यापर्यंत मला अरबीत भाज्यांची नावं येऊ लागली होती, आणि त्या मला विचारत, तुझ्या आईचा फोन आला का?

व्हॅन चालवणारा गडी चाळिशीचा, आइक्सफेल्डचा. या भागाचा बराचसा मुलूख पूर्वी पूर्व जर्मनीत होता, सीमा ग्योटिंगेनपासून फार लांब नव्हती. एकदा केळीची खोकी उतरवताना तो म्हणाला, मला केळी बघितली की नोव्हेंबर ८९ आठवतो. तेव्हा तो सात वर्षांचा. सीमा उघडली, वडील घरच्यांना गाडीत घालून पलीकडे गेले. पलीकडे येणाऱ्या प्रत्येकाला पश्चिम जर्मनी शंभर मार्क स्वागताचे देत असे. त्या पैशांतून वडिलांनी आधी काय घेतलं, तर केळी. एक अख्खी फणी. परत येताना गाडीतच त्या मुलाने पहिलं केळं सोललं. म्हणाला, "तोंड आवळलं. मला वाटलं स्वातंत्र्याची चव अशीच असते." केळी हिरवीच होती. मी खोकं खाली ठेवून ऐकत राहिले. आमच्या तालुक्यात रेल्वेचे डबेच्या डबे केळीने भरून दिल्लीकडे जातात. ती कोणाच्या तोंडात जातात, त्या दिवशी त्या घरात काय चाललेलं असतं, याचा आम्ही कधी विचार केला नव्हता.

अभ्यासाचं सांगायचं तर बराच भाग इतर कुठल्याही एमएस्सीसारखा: संख्याशास्त्र, अहवाल, परीक्षा. ते सोडते. पण काही तास विट्सेनहाउझेनला असत. वेरा नदीकाठचं छोटं गाव, चेरीच्या बागांचं. जर्मनीत ओला कचरा वेगळ्या डब्यात गोळा करायची पद्धत १९८३ साली इथूनच सुरू झाली. तिथे उष्णकटिबंधातल्या झाडांचं एक काचघर आहे. बाहेर बर्फ, आत केळी. मी दारातून आत शिरले, चष्म्यावर वाफ जमली आणि वास आला, आमच्या बागेत पाणी दिल्यावर येतो तोच. पण ते काचघर तिथे का आहे? कारण १८९८ साली तिथे वसाहतींमध्ये जाऊन शेती आणि कारभार करणाऱ्या जर्मन तरुणांसाठी शाळा निघाली. म्हणजे आमच्यासारख्यांच्या जमिनीवर राज्य कसं करायचं हे शिकवायला ती झाडं आणली होती. आमच्या प्राध्यापकांनी हे लपवलं नाही, पहिल्याच तासाला सांगितलं. इक्वेडोरचा माझा वर्गमित्र तेव्हा केळीच्या खोडाला हात लावून उभा होता. जगात सगळ्यात जास्त केळी पिकवतो भारत, सगळ्यात जास्त परदेशी विकतो इक्वेडोर. आम्हा दोघांच्या घरची जातही एकच, कॅव्हेंडिश गटातली. आधीची ग्रॉस मिशेल जात पनामा रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यात बाजारातून उठली, आता त्याच रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशवर आला आहे, २०१९ मध्ये तो कोलंबियात सापडला. आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो ते मात्र रोगाबद्दल कमी. घड कापणाऱ्याला त्यांच्याकडे काय म्हणतात, त्याला दिवसाचे किती मिळतात, पाऊस आला की तो कुठे थांबतो, याबद्दल.

विट्सेनहाउझेनच्या गाडीला वाटेत फ्रीडलांड लागतं. सप्टेंबर १९४५ मध्ये तिथे निर्वासितांची छावणी उघडली, आणि तेव्हापासून चाळीस लाखांहून जास्त माणसं तिच्यातून गेली. युद्धानंतर पूर्वेकडून हाकललेले जर्मन आधी, मग जगभरचे. टाफेलमधल्या त्या ऐंशीच्या बाई तिथूनच आलेल्या, सात वर्षांच्या असताना, आईचं बोट धरून. मी एकदा विचारलं, इतक्या वर्षांचं तुम्हाला तिथलं काय आठवतं? म्हणाल्या, सूप. आणि वाढणाऱ्या बाईने विचारलं होतं, अजून हवं का? मला पणजोबांचा रांजण आठवला. त्यांना तो सांगितला, मोडक्या जर्मनमध्ये, आणि 'जय जगत' म्हणजे काय तेही. त्यांनी ते दोन शब्द माझ्याकडून परत म्हणवून घेतले. पुढे माझी मंगळवारची वेळ संपली की त्या हात वर करून तेच म्हणायच्या.

मे २०२५ मध्ये तिथल्या कोणी तरी मला विचारलं, तू कुठली? मी म्हटलं, ग्योटिंगेनची, मंगळवारच्या टाफेलवर असते. मग थांबून म्हटलं, रावेरची. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही म्हणताना अडखळले नाही.

शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला तिथे दीड वर्ष मिळतं. मी ते घेतलं नाही. गावात अजून विचारतात, तिकडेच का नाही राहिली? कर्जाचा हप्ता इथल्या पगारातून जड जातो, हे खरं आहे, आणि बाबा त्याबद्दल मला एक शब्द बोललेले नाहीत, याचं ओझं वेगळं. पण मला ज्या माणसांमध्ये काम करायचं होतं ती या डोंगरात होती. आता मी केळीच्या एका पॅकहाउसमध्ये गुणवत्ता बघते. आमचा माल आखातात जातो. सुट्टीच्या दिवशी आमच्या जुन्या कॉलेजच्या एनएसएसच्या मुलांना घेऊन त्याच पाड्यावर जाते. शिबिराच्या आधी महिनाभर पावरी शिकायची, असा नियम आम्ही केला आहे. ज्याला पन्नास शब्द येत नाहीत त्याने फावड्याला हात लावायचा नाही. मुलं कुरकुरतात. शिकवायला पाड्यावरचीच दोन पोरं येतात, त्यांना तासाचं मानधन देतो.

मागच्या महिन्यात पॅकहाउसमध्ये रात्रीची पाळी होती. फण्या तुरटीच्या पाण्याच्या हौदातून निघून टेबलावर येत होत्या, बाया त्या पुसून खोक्यात भरत होत्या. त्यातल्या एकीने, पावरा, माझ्याहून थोडी मोठी असेल, झाकणावरच्या अरबी अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे कुठे जातं, ताई?"

मी मार्करने एका फाटक्या पुठ्ठ्यावर नकाशा काढला. हा सातपुडा, ही मुंबई, हा समुद्र, हे आखात. मग हात चालतच राहिला आणि मी त्याच्या वर जर्मनीही काढली, आणि मधली जुनी सीमा, आणि सात वर्षांच्या त्या मुलाची गोष्ट सांगितली. अर्धी मराठीत, अर्धी माझ्या मोडक्या पावरीत. बाकीच्या बायांचेही हात थांबले.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग फणी हातात घेऊन देठाजवळ अंगठ्याने दाबून बघत म्हणाली, "कच्चीच खाल्ली?"

"कच्चीच."

"अढी घालायला कोणी सांगितलं नाही त्यांना?"